हवा असूनही श्वास का पुरत नाही

तारकर्लीला पहिल्याच स्कूबा डाइव्हमध्ये तुम्ही घाबरलात, रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा देणारा तोंडातला भाग, काढायला गेलात, गाईडने हात धरून ठेवला आणि हळूहळू वर आणलं. आता अंदमानला ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा सुरुवातीचा कोर्स करावा का, असं विचारलंय. माझ्या मते करा. पण त्या दिवशी काय झालं ते आधी समजून घ्या.

सिलिंडरमध्ये हवा असूनही श्वास पुरत नव्हता, असं तुम्ही लिहिलंय. तसंच होतं. घाबरलं की आपण भराभर, वरच्यावर श्वास घेतो. फुफ्फुसं नीट रिकामी होत नाहीत, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि जीव गुदमरतो. त्यात 10 मीटरवर दाब दुप्पट, म्हणजे हवाही दुप्पट दाट, ओढायला जड. अशा वेळी अजून हवा ओढू नका, आधी सोडा. लांब, सावकाश, बुडबुड्यांचा आवाज ऐकत. आत घ्यायचं शरीर आपोआप बघतं.

कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाजवळ 14 मीटरवर पुढच्याच्या पायातली फिन माझ्या मास्कवर बसली. डाव्या बाजूने पाणी शिरलं, नाकात गेलं. शंभरावर डाइव्ह झाले होते, तरी एकच सुचत होतं, वर! बडीने, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराने, माझ्या बीसीडीचा, म्हणजे हवा भरायच्या जाकिटाचा, पट्टा घट्ट धरला. अर्ध्या भरलेल्या मास्कमधून त्याचे बुडबुडे तेवढे दिसत होते. त्यांच्या तालावर मी श्वास सोडायला लागले. चार-पाच श्वासांनंतर मास्क रिकामा करता येतो हे आठवलं. हवेचा गेज बघितला तर 120 बार, म्हणजे अर्ध्याहून जास्त हवा शिल्लक!

गाईडने धरून ठेवल्याचा तुम्हाला राग आलाय, पण त्याने बरोबर केलं. श्वास रोखून वर धावलात तर पाण्याचा दाब कमी होताना फुफ्फुसातली हवा फुगते. 10 मीटरवरून पृष्ठभागावर येईतो दुप्पट. फुफ्फुस फाटायला त्याहून कमी खोलीही पुरते.

कोर्समध्ये मास्क पूर्ण काढून पुन्हा लावायला लावतात. बहुतेकांची गाडी तिथेच अडते, कारण नाकाला पाणी लागलं की श्वास आपसूक अडतो. जाण्याआधी महिनाभर पोहण्याच्या तलावात, कमरेइतक्या पाण्यात, सोबत कुणाला तरी उभं करून, मास्क न लावता, चेहरा पाण्यात घालून, नुसत्या स्नॉर्केलने, म्हणजे तोंडात धरायच्या नळीने, श्वास घ्यायचा सराव करा. दोन मिनिटं शांतपणे जमली की अर्धं काम झालं.

जमिनीवरही असे घाबरण्याचे झटके येत असतील किंवा त्यासाठी गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि मेडिकल फॉर्मवर काहीही लपवू नका. तारकर्लीचा प्रसंग इन्स्ट्रक्टरला पहिल्याच दिवशी सांगा, लहान बॅच मागा. आणि पाण्याखाली अंगठा वर केला की त्याचा अर्थ ‘वर चला’. तो कधीही, कारण न देता दाखवायचा तुम्हाला हक्क आहे. मी अजूनही दाखवते.