ओआरएसमध्ये मीठ समजलं, पण साखर कशाला?

प्रश्न: मुलीला जुलाब झाले तेव्हा डॉक्टरांनी ओआरएस दिलं. अंगातलं मीठ-पाणी जातं म्हणून मीठ-पाणी द्यायचं हे कळतं, पण साखर का? ताकद यावी म्हणून असेल तर दोन चमचे जास्त घातली तर बिघडलं कुठे? सासूबाईंचं तेच म्हणणं आहे.
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, साखर ताकदीसाठी नाहीच आहे, आणि म्हणूनच ती वाढवायची नाही, सासूबाईंनाही हे वाचून दाखवा.

आतड्याच्या पेशींभोवती चरबीचा पातळ पडदा असतो. मिठातलं सोडियम त्यातून आपलं आपण आत जाऊ शकत नाही, त्याला प्रोटीनची दारं लागतात. त्यातल्या एका दाराचं नाव एसजीएलटी १, आणि ते दर वेळी २ सोडियम आणि १ ग्लुकोज (साखरेतून मिळतं ते) असे जोडीनेच आत घेतं, एकट्या कुणाला सोडत नाही. आत खेच कशामुळे? तर पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला एक पंप सतत चालू असतो, तो एटीपी म्हणजे पेशीचं इंधन खर्च करून ३ सोडियम बाहेर काढतो न् २ पोटॅशियम आत घेतो, त्यामुळे पेशीत सोडियम कायम कमी आणि आतड्यातलं सोडियम आत यायला बघतं, येताना ग्लुकोजलाही घेऊन येतं आणि या दोघांच्या मागोमाग ऑस्मोसिसने, म्हणजे जिकडे विरघळलेलं जास्त तिकडे ओढलं जाऊन, पाणी येतं. आपल्याला हवंय ते हे पाणी!

आता खरी गंमत बघा. कॉलऱ्याचं विष पेशींना क्लोराइड (मिठातला सोडियमचा जोडीदार) बाहेर ओतायला लावतं, त्यामागे पाणी जातं, मीठ शोषायचा नेहमीचा एक रस्ताही बंद पडतो, पण हे जोडीचं दार शाबूत राहतं. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि बेकिंग सोड्याचं पाणी पेशंटच्या नातेवाइकांच्याच हातात दिलं आणि कॉलऱ्याचे मृत्यू ३०% च्या आसपास होते ते ४% च्याही खाली आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं, मला विचाराल तर फारच उशिरा.

आता प्रमाणाचं. सध्याच्या डब्ल्यूएचओ फॉर्म्युल्यात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, पाकिटातल्या सायट्रेटमधलं सोडियमही धरलं की सोडियम आणि ग्लुकोज सारखेच, ७५-७५ मिलिमोल (म्हणजे दोघांच्या कणांची संख्या सारखी). साखर वाढवली की जास्तीची आतड्यातच राहते आणि उलट शरीरातलं पाणी आतड्यात खेचते, जुलाब वाढतात. कोल्ड्रिंक, पॅकबंद ज्यूस यांचंही तसंच. लिटरचं पाकीट असेल तर अख्खं एक लिटर पाण्यातच, अर्धं-अर्धं करून नाही. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत चमच्या-चमच्याने पाजा. मूल मलूल पडलं, लघवी थांबली किंवा शौचातून रक्त दिसलं तर घरी थांबू नका, थेट दवाखाना गाठा.