शेजारी शेरीफच्या निवडणुकीला उभा राहणार आहे, तर घर घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यजमान टेक्सासमधल्या ह्यूस्टनला पोचलेत, केटीच्या बाजूला भाड्याचं घर पसंत पडलंय, तुम्ही आणि मुलं शाळा संपली की निघणार. पण घरमालक बोलता बोलता म्हणाला की शेजारचा माणूस पोलीस आहे, डेप्युटी (म्हणजे शेरीफच्या हाताखालचा पोलीस), आणि पुढच्या निवडणुकीत शेरीफसाठी उभा राहणार आहे. त्यावर तुमचे सासरे म्हणाले, "पोलीस निवडणूक लढवतो, म्हणजे ही कसली जागा?"

घर घ्या. डेप्युटीची गाडी रात्री दारात उभी असते, म्हणजे गल्लीला फुकटचा गुरखा. पण सासऱ्यांना पडलेला प्रश्न मलाही नऊ वर्षांपूर्वी पडला होता, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

शेरीफ म्हटलं की आपल्याला मुंबईचे नगरपाल आठवतात. गावसकर होते, दिलीपकुमार होते. मानाचं पद, पाहुण्यांचं स्वागत, हारतुरे. ते आधी डोक्यातून काढा. टेक्सासमध्ये 254 काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या) आहेत आणि प्रत्येकीत लोकांनी चार वर्षांसाठी निवडून दिलेला शेरीफ असतो. काउंटीचा तुरुंग त्याच्या ताब्यात, कोर्टाचे हुकूम बजावणं त्याच्याकडे आणि शहरांच्या हद्दीबाहेरच्या वस्त्यांमधली गस्तही त्याचीच. माझे काका सातारा जिल्ह्यात फौजदार होते. त्यांना हे समजावताना माझी पुरेवाट झाली. आपल्याकडे एसपी बदलीवर येतो आणि बदलीवरच जातो. इथे शेरीफची बदली गव्हर्नरलाही करता येत नाही. पक्षाचं तिकीट असतं, मार्चमध्ये पक्षांतर्गत फेरी आणि नोव्हेंबरमध्ये खरी लढत. काका शेवटी म्हणाले, "म्हणजे ठाणेदाराला सरपंचासारखं दारोदार फिरायचं?" अगदी तसंच.

खात्यात राहून आपल्याच साहेबाविरुद्ध उभं राहणं सोपं नसतं. म्हणून साहेब जागा सोडतो तेव्हा गर्दी होते, आणि पुष्कळदा उमेदवार दुसऱ्या पोलीस खात्यातून येतात. आमच्या फोर्ट बेंड काउंटीत 2020 साली नेमकं हेच झालं. तेव्हाचे शेरीफ ट्रॉय नेल्स अमेरिकी काँग्रेससाठी, म्हणजे इथल्या संसदेसाठी, उभे राहिले. समोर श्री प्रेस्टन कुलकर्णी होते, त्यामुळे आडनाव ऐकून आपल्या मंडळींचं सगळं लक्ष तिकडे. ते हरले. इकडे शेरीफच्या रिकाम्या खुर्चीसाठी नेल्स यांचे जुळे भाऊ ट्रेव्हर, जे स्वतः कॉन्स्टेबल होते, आणि समोर ह्यूस्टन पोलिसातले एरिक फेगन. (इथला कॉन्स्टेबल म्हणजे आपला शिपाई नव्हे, तेही निवडून येणारं पद आहे, हाताखाली स्वतःचे डेप्युटी असतात.) फेगन जिंकले. याच काउंटीत वॉल्टर मोझेस बर्टन नावाचा, एकेकाळी गुलाम म्हणून टेक्सासमध्ये आणलेला माणूस 1869 मध्ये शेरीफ म्हणून निवडून आला होता. त्या काळानंतर फेगन हे इथले पहिले कृष्णवर्णीय शेरीफ.

आता तुमच्या कामाचं. घराच्या पत्त्यावर 'केटी' लिहिलंय म्हणून तुम्ही केटी शहरात राहाल असं नाही. केटी शहर छोटं आहे, आणि तेही तीन काउंट्यांत पसरलेलं. त्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बहुतेक सबडिव्हिजन, म्हणजे वसाहती, कुठल्याच शहराच्या हद्दीत नाहीत. तिथे शहराचे पोलीस नाहीत, 911 हा मदतीचा नंबर लावलात की शेरीफचा किंवा कॉन्स्टेबलचा माणूस येतो. यजमानांना एवढंच विचारायला सांगा: घर हॅरिस काउंटीत की फोर्ट बेंडमध्ये, आणि शहराच्या हद्दीत की बाहेर? बऱ्याच सोसायट्या जादा गस्तीसाठी वर्गणीतून डेप्युटींचे पैसे भरतात, तेही विचारा.

शेजारी प्रचाराला लागला की तुमच्या दारी येईल. गोड बोलेल, मंडळाच्या गणपतीलाही येईल. इथे मी एकदा माती खाणार होतो. एका उमेदवाराच्या निधीसाठीच्या जेवणाचं शंभर डॉलरचं तिकीट मी घ्यायला निघालो होतो. मित्राने हात धरला. एच-वन बी (नोकरीचा व्हिसा) किंवा एच-फोरवर (त्यावर आलेल्या कुटुंबाचा) असताना अमेरिकेतल्या कुठल्याही निवडणुकीला, अगदी गल्लीतल्यासुद्धा, पैसे देणं कायद्याने बंद आहे. ग्रीन कार्ड आल्यावर देता येतात. बिनपगारी मदत करा, पाणी वाटा, सतरंज्या उचला, चालतं.

याहून मोठी गोष्ट मतदार नोंदणीची. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना नोंदणी करायची का असं विचारतात. 'नाही' म्हणायचं, म्हणजे म्हणायचंच. नागरिक नसताना चुकून नाव लागलं तर पुढे ग्रीन कार्डापासून देशात राहण्यापर्यंत सगळंच धोक्यात येतं. मी स्वतः अजून ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे. दोन शेरीफ-निवडणुका बघून झाल्या, बोट अजून कोरंच.

रस्त्यात डेप्युटीने थांबवलं तर आपल्या सवयीने उतरून त्याच्याकडे चालत जाऊ नका. गाडीतच बसा, आतला दिवा लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर. हॅरिस काउंटीचे पगडीधारी शीख डेप्युटी संदीप धालीवाल 2019 मध्ये अशीच एक गाडी थांबवल्यावर गोळी लागून गेले. गाडीकडे चालत येणाऱ्या माणसाच्या मनात काय असतं, ते यावरून समजून घ्या. आणि यजमानांना सांगा, पार्टीनंतर गाडी चालवायची नाही. दारूची एक अटक झाली की बोटांचे ठसे तुरुंगातून थेट केंद्राच्या यंत्रणेकडे जातात, आणि खटला उभा राहण्याआधी व्हिसा रद्द झाल्याचं पत्र येऊ शकतं. तिथे शेजारी शेरीफ असून उपयोग नाही.

राहिली लॉनवर लावायच्या प्रचाराच्या पाटीची गोष्ट, कारण तो ती मागणार हे नक्की. मतदानाआधीच्या 90 दिवसांत सोसायटीला अशी पाटी अडवता येत नाही, पण तुम्ही भाडेकरू, म्हणून मालकाला विचारा. आमच्याकडे मागच्या वेळी एकाला मी होकार दिला आणि दुसऱ्याला बायकोने. दोन्ही पाट्या नोव्हेंबरपर्यंत कढीपत्त्याच्या कुंडीशेजारी उभ्या होत्या, आणि दोन्ही उमेदवार जाता-येता हात करायचे.