‘येईल’ की ‘येणार आहे’? रोडमॅपच्या मराठीबद्दल

प्रश्न असा आहे: एका ॲपचं मराठीकरण चालू आहे, त्यातल्या ‘रोडमॅप’ पानाला, म्हणजे पुढे कोणत्या सुविधा आणायचा विचार आहे ते सांगणाऱ्या पानाला, मराठीत काय म्हणावं? विचारणाऱ्याने चार शब्द सुचवलेत – मार्गनकाशा, पथदर्शिका, विकास आराखडा, पुढील वाटचाल. शिवाय ‘अंडर कन्सिडरेशन’, ‘प्लॅन्ड’, ‘इन डेव्हलपमेंट’, ‘रोलिंग आउट’ या पाट्यांनाही प्रतिशब्द हवेत.

नाम आधी उरकून घेतो, कारण खरी गोम क्रियापदात आहे.

नकाशा जे आहे ते दाखवतो. इथले रस्ते तर अजून व्हायचेत! जे व्हायचंय त्याच्या कागदावरच्या रूपाला आपण आराखडा म्हणतो, म्हणून ‘मार्गनकाशा’पेक्षा ‘आराखडा’ बरा. पण त्याला ‘विकास’ चिकटवला की डोळ्यांपुढे नगरपालिका येते, आणि ‘डेव्हलपर’चा ‘विकासक’ केलात तर तो थेट इमारती बांधायला घेतो. ‘पथदर्शी’ हा शब्द पायलट प्रकल्पाने आधीच अडवून ठेवलाय. ‘पुढील वाटचाल’ अर्थाने जवळचा, फक्त ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ ऐकून ऐकून त्याला निरोप समारंभाचा वास लागलाय. माझं मत ‘पुढचे बेत’ला. बेत ठरतो तसा बारगळतोही, हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. कंपनीला जी सावधगिरी तळटीप घालून साधावी लागते, ती या शब्दात मुळातच आहे. भाषा फारच घरगुती वाटत असेल तर सरळ ‘रोडमॅप’ ठेवा, कुणी अडखळणार नाही.

आता पाट्या. ‘प्लॅन्ड’ला ‘नियोजित’ लिहिण्याआधी जरा थांबा. नियोजित अध्यक्ष, नियोजित वधू – दोन्हीकडे माणूस ठरलेला असतो, फक्त दिवस उजाडायचा असतो. कंपनीला इतकंच म्हणायचं असेल की ‘करायचं मनात आहे’, तर ‘नियोजित’ फार जड होतो. तिथे ‘करायचं आहे’ पुरतं. ‘अंडर कन्सिडरेशन’ला ‘विचाराधीन’ चालेल, पण त्यातून फाइल टेबलावर पडून असल्याचा भास होतो. मी ‘विचार चालू आहे’ लिहितो. ‘इन डेव्हलपमेंट’ म्हणजे ‘काम चालू’. मायक्रोसॉफ्ट ३६५च्या रोडमॅपवर त्यानंतरच्या दोन पायऱ्या आहेत, ‘रोलिंग आउट’ आणि ‘लॉन्च्ड’, आणि भाषांतरात नेमक्या त्याच एकमेकींत मिसळतात. दोन्हींना ‘उपलब्ध’ लिहिलंत तर ‘मला का दिसत नाही?’ हा प्रश्न ठरलेला. पहिलीला ‘टप्प्याटप्प्याने येत आहे’, दुसरीला ‘सर्वांसाठी खुलं’.

क्रियापदाकडे येऊ. इंग्रजीतला ‘विल’ एकच, मराठीत मात्र दोन वाटा फुटतात. ‘तो उद्या येईल’ हा अंदाज झाला, फार तर भरवसा. ‘तो उद्या येणार आहे’ म्हणजे ठरलंय, कळवलंय. हा फरक व्याकरणाच्या पुस्तकात न बघताही आपल्या कानाला समजतो. मी एका ॲपसाठी ‘ऑफलाइन सुविधा पुढच्या तिमाहीत येणार आहे’ असं लिहिलं होतं. मूळ वाक्यात ‘एक्स्पेक्टेड’ होतं. तिमाही उलटली, सुविधा आली नाही, आणि तक्रारी जास्त करून मराठी वापरणाऱ्यांच्या आल्या. त्यांचं बरोबरच होतं. कंपनीने अपेक्षा सांगितली होती, शब्द मी देऊन बसलो होतो.

इंग्रजी ‘मे’ (may) या क्रियापदाचा घोटाळा वेगळाच. ‘वुई मे ॲड धिस’चं ‘आम्ही हे आणू शकतो’ केलं की शक्यतेची क्षमता होते. वाचणारा म्हणतो, शकता ना, मग आणा की! तिथे ‘कदाचित आणू’ किंवा ‘आणायचा विचार आहे’ हवं.

कंपन्या इतक्या जपून बोलतात त्याला नुसता भित्रेपणा कारण नाही. अमेरिकेत १९९५च्या एका कायद्याने शेअर बाजारातल्या कंपन्यांच्या भविष्याबद्दलच्या विधानांना काही अटींवर संरक्षण मिळतं, आणि ‘प्रत्यक्षात वेगळं घडू शकतं’ अशी अर्थपूर्ण सूचना सोबत देणं हा त्यातला एक मार्ग. म्हणून त्यांच्या सादरीकरणात पहिल्याच पानावर तो मजकूर दिसतो. अशा मजकुराचं ‘योजना बदलाच्या अधीन आहेत’ हे मराठी मी वाचलंय. ‘यात बदल होऊ शकतो’ म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? (इथला ‘शकतो’ मात्र योग्य जागी आहे.)

उलटा प्रकारही असतो, तारीख पक्की आणि आतला ऐवज सैल. उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती दर एप्रिल आणि ऑक्टोबरला येते, आवृत्तीचा आकडाच वर्ष-महिन्याचा असतो: २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४. तिथे ‘येणार आहे’ बिनधास्त लिहा. तरी २००६मध्ये ६.०४ येणार होतं आणि आलं ६.०६, जूनमध्ये. ‘येणार होतं’ म्हटल्यावर ‘आलं नाही’ हे पुढे सांगावं लागत नाही, ही मराठीची एक सोय.

राहिला ‘डेप्रिकेटेड’, तो विचारलेला नाही पण याच पानावर भेटेल. त्याला ‘कालबाह्य’ म्हणू नका. कालबाह्य म्हणजे काळ संपलेलं, आणि ही सुविधा तर अजून चालू असते, फक्त तिच्या भरवशावर नवं काही उभारू नका असं सांगायचं असतं. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीचा, पायथॉन २चा, आधार (सपोर्ट) २०१५ला थांबणार होता, तो लांबत १ जानेवारी २०२०ला थांबला. मधली सगळी वर्षं लोक ते वापरतच होते. तिथे मी ‘पुढे बंद होणार’ लिहितो, आणि तारीख जाहीर झाली असेल तरच तीही लिहितो.