वाचकांचे प्रश्न : दर बुधवारी बारा वाजता

प्रश्न : काका, मी मूळची मनमाडची, सध्या अमेरिकेत ओहायोमधल्या कोलंबसला असते. लहानपणी वर्कशॉपचा भोंगा झाला की मी ताटावरून उठून अंगणात पळायचे, आजी ओरडायची की या पोरीला भोंग्याने झपाटलंय. पुढे शाळा, कॉलेज, नोकरी यात ते सगळं मागे पडलं. इथे आले आणि पहिल्याच बुधवारी दुपारी बारा वाजता टॉर्नेडोच्या सायरनची टेस्ट झाली, ती इथे दर बुधवारी असते, आणि मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये नुसती उभी राहिले. आता दर बुधवारी डबा घेऊन वेगवेगळ्या खांबाखाली जाते आणि रेकॉर्ड करते. दोन प्रश्न आहेत. एक, सायरन खांबावर एका जागी असतो तरी आवाज जवळ येतो लांब जातो असं का वाटतं? दुसरा जरा अवघड आहे. ऑफिसात एकीचं घर टॉर्नेडोत गेलंय, तिला हे कळलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. ज्या आवाजाने लोकांच्या पोटात गोळा येतो त्याची आवड असणं चुकीचं आहे का?

उत्तर : काका म्हणालीस ना, मग मीही एकेरीतच लिहितो.

आधी माझं सांगतो म्हणजे तुला एकटं वाटणार नाही. मी लालबागच्या चाळीत वाढलो, वडील गिरणीत, आणि आमच्याकडे घड्याळापेक्षा भोंग्यावर जास्त भरवसा होता. प्रत्येक गिरणीचा भोंगा वेगळा, कुठला भसाडा, कुठला पातळ, आणि चाळीतल्या बायका पोळ्या लाटता लाटता सांगायच्या की आता अमक्या गिरणीची पाळी सुटली. मी सहा वर्षांचा असताना डिसेंबर १९७१ चं युद्ध झालं. खिडक्यांना काळे कागद, मोटारींचे दिवे अर्धे काळे रंगवलेले, आणि रात्री सायरन. आई आम्हाला पोटाशी धरून बसायची आणि मी, खरं सांगतो, घाबरलेलो असायचो तरी कान बाहेरच असायचे. कारण मला एक कोडं पडलं होतं. गिरणीचा भोंगा फुटतो तो एकदम पूर्ण आवाजात, मग हा लढाईचा भोंगा खालून घुमत घुमत वर का चढतो आणि बंद केल्यावर हळूहळू खाली का उतरतो? घरात कोणालाच सांगता येईना. तेच कोडं मला पुढे मोटर रिवाइंडिंगच्या धंद्यात घेऊन गेलं असं मी मानतो.

उत्तर मला पंधरा-सोळा वर्षांनी मिळालं. मराठीत आपण सगळ्यालाच भोंगा म्हणतो पण ती दोन वेगळी यंत्रं आहेत. गिरणीचा भोंगा म्हणजे बॉयलरच्या वाफेवरची मोठी शिट्टी, दोरी ओढली की वाफ सुटली, म्हणून आवाज लगेच पूर्ण. सायरनमध्ये शिट्टी नसतेच. त्यात मोटरच्या शाफ्टवर खिडक्या पाडलेला एक पंखा असतो, त्याच्याभोवती तशाच खिडक्यांचं एक स्थिर कडं असतं. पंखा हवा आत ओढून बाहेर फेकतो, खिडकीसमोर खिडकी आली की हवा सुटते, भिंत आली की अडते, हवेचे असे सेकंदाला शेकडो तुकडे पडतात आणि त्या तुकड्यांचाच आवाज होतो. म्हणजे स्वर किती उंच हे मोटरच्या फेऱ्यांवर ठरतं. मोटरला वेग घ्यायला वेळ लागतो म्हणून स्वर चढत जातो, आणि वीज बंद केली तरी जड पंखा फिरत राहतो म्हणून तो उतरत जातो. १९७१ ला ऑपरेटर मोटर चालू-बंद करायचा म्हणून तो वरखाली रडल्यासारखा आवाज, तो हल्ल्याचा इशारा, आणि सलग एकसारखा वाजला की धोका टळला.

हिशोबही सोपा आहे. १० खिडक्या आणि मिनिटाला २८०० फेरे धर, तर सेकंदाला साधारण ४६७ कंपनं होतात, आणि ही जवळजवळ पेटीची काळी पाच आहे. मी स्वतः पेटी शेजारी ठेवून ताडून बघितलंय. काही सायरनना दोन बाजूंना दोन पंखे असतात, एकाला १० खिडक्या आणि दुसऱ्याला १२, आणि १० ला १२ म्हणजे ५ ला ६, म्हणजे सा आणि कोमल गंधार! महायुद्धातल्या ब्रिटिश सायरनांत ही जोडी असायची. ८ आणि १२ ची जोडी असेल तर सा-प. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये दोन स्वर ऐकू आले तर तंबोऱ्याच्या ऍपशी लावून बघ, खिडक्या किती आहेत ते खांबावर न चढता कळेल. हा शोध मला लागला त्या रात्री मी झोपलो नव्हतो.

आता तुझा पहिला प्रश्न. नीट ऐक की खांबाखाली स्वर चढतो-उतरतो का आवाज फक्त मोठा-लहान होतो. स्वरच बदलत असेल तर ते वर सांगितलेलं मोटरच्या वेगाचं काम. पण स्वर तोच राहून नुसता मोठेपणा बदलत असेल तर तुझा सायरन फिरता आहे, म्हणजे कर्णाच खांबावर गोल फिरतो, तोंड तुझ्याकडे आलं की जवळ आल्यासारखा वाटतो आणि पाठ फिरली की लांब गेल्यासारखा. तिकडे फेडरल सिग्नल कंपनीचा थंडरबोल्ट म्हणून १९५० च्या दशकातला सायरन होता, तो असाच फिरणारा, आणि त्याला वेगळा ब्लोअर लावून हवा पुरवायचे. त्याच काळात क्रायस्लर कंपनीने मोटारीचं १८० हॉर्सपॉवरचं व्ही-एट इंजिन लावून सायरन केला होता, शंभर फुटांवर १३८ डेसिबल. तुमच्याकडची हौशी मंडळी असले जुने सायरन शोधून, गंज काढून, पुन्हा फिरते करतात, तुला त्यातलं कोणी ना कोणी नक्की भेटेल. मात्र बरेच नवे सायरन मोठ्या स्पीकरचे असतात, त्यात फिरतं काहीच नसतं आणि ते बोलूही शकतात. मला त्यांचं कौतुक आहे, प्रेम नाही.

खांबाखाली उभी राहतेस ते मात्र बंद कर. मी एकदा भंगारातून आणलेला छोटा सायरन दुकानात पाच फुटांवरून कानात काही न घालता चालवला आणि दोन दिवस कान वाजत होते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतात, म्हणून चांगली तीन-चारशे मीटर लांब थांब, रेकॉर्डिंगही तिथूनच चांगलं येतं, जवळून माईक फाटतो.

आणि दुसरा प्रश्न. ७ मे २०२५ ला देशभर हवाई हल्ल्याच्या तयारीचं मॉक ड्रिल झालं तेव्हा चार वाजता सायरन ऐकायला मी मुद्दाम मुंबईच्या क्रॉस मैदानात गेलो होतो, इतक्या वर्षांनी खरा नागरी संरक्षणाचा सायरन ऐकायला मिळणार म्हणून सकाळपासून खुशीत होतो, आणि तो घुमायला लागल्यावर माझे पाय थरथरले, आईच्या लुगड्याचा वास आला. शेजारी एक मुलगी कानावर हात ठेवून उभी होती. त्यानंतर तीनच दिवसांनी केंद्राने टीव्ही चॅनलवाल्यांना सांगितलं की कार्यक्रमांत हे सायरन वाजवू नका, लोक खऱ्या इशाऱ्याला सरावतील, आणि मला ते शंभर टक्के पटलं. मी त्या दिवसांत माझी सगळी रेकॉर्डिंग हेडफोनवरच ऐकली, खिडकी उघडी ठेवून एकदाही नाही.

आवड चुकीची नाही गं. ज्याला सायरन आवडतो त्याला तो बिघडलाय हे सगळ्यात आधी कळतं, बेअरिंग घासतंय, एक फेज गेलीय, कर्णा फिरायचा थांबलाय. तू दर बुधवारी जातेस, एखादा खांब वाजलाच नाही तर तिथल्या आपत्कालीन विभागाला फोन करून कळव, ते खरंच उपयोगाचं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये हवाई बेटांवर लाहायनाला वणवा आला तेव्हा सायरन वाजवलेच नाहीत आणि त्यावरून केवढा गदारोळ झाला, अधिकाऱ्याने राजीनामा दिला. उलटं उदाहरण डॅलसचं, ७ एप्रिल २०१७ च्या रात्री पावणेबाराच्या सुमारास कोणीतरी खोटा सिग्नल देऊन शहरातले १५६ सायरन वाजवले, दीडेक तास लोक घाबरून फोन करत होते. हे मी तुला अशासाठी सांगतोय की या छंदात कधी ना कधी कोणीतरी म्हणतं चल गंमत म्हणून वाजवूया, तेव्हा तिथून निघून ये. दुसऱ्याचा सायरन आपण ऐकायचा, हात लावायचा नाही. स्वतःचा असेल तरी परवानगीशिवाय आणि आजूबाजूला सांगितल्याशिवाय उघड्यावर वाजवायचा नाही. माझा आता मी डिमरस्टॅटवर, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायच्या यंत्रावर, कमी व्होल्टेजला फिरवतो, छोटी ब्रशची मोटर आहे, हळू घुमतो, बंद शटरच्या बाहेर जात नाही आणि मला तेवढा पुरतो.

त्या मैत्रिणीला रेकॉर्डिंग ऐकवू नकोस. पण तिने विचारलं तर आजीचं अंगण आणि वर्कशॉपचा भोंगा हे सगळं सांग, लपवू नकोस.

प्रश्न : आम्ही सांगली जिल्ह्यात राहतो. मोहित्यांचे वडगावला संध्याकाळी सातला भोंगा वाजला की टीव्ही-मोबाईल बंद, साडेआठला पुन्हा चालू, हे बघायला मुलाला घेऊन गेलो होतो. तेव्हापासून नऊ वर्षांचा मुलगा भोंग्याच्याच मागे आहे, वहीत भोंग्याचीच चित्रं, हँड सायरन घेऊन द्या म्हणून रडतो. घ्यावा का?

उत्तर : आत्ता नको. हाताने फिरवायचा सायरनही गल्लीभर ऐकू जातो, आणि शेजाऱ्यांची एकदा तक्रार आली की मुलाच्या मनात या आवडीबद्दल लाजच बसेल. त्याऐवजी त्याला सायरन बनवू द्या, आणि वडगावच्या गावकऱ्यांनी भोंग्याचं काय केलं तेही त्याच्याशी बोला, मला ती गोष्ट फार आवडते, भोंगा वाजला की पोरं पुस्तकं काढतात.

बनवायला जाड पुठ्ठ्याची एक चकती घ्या, वीतभर रुंद. कंपासने दोन वर्तुळं आखा, आतल्या वर्तुळावर सारख्या अंतराने १० भोकं आणि बाहेरच्यावर १२, पेन्सिल जाईल एवढी. चकती बरोबर मधोमध खेळण्यातल्या मोटरवर घट्ट बसवा, सेल जोडा आणि ती फिरत असताना स्ट्रॉने एका वर्तुळावर फुंकर मारायला सांगा. चकतीच्या कडेच्या रेषेत तोंड नको, बाजूने फुंकायचं आणि तुम्ही शेजारी बसा. सेल काढला की स्वर आपोआप उतरत जाईल, तेव्हा त्याचा चेहरा बघा. मग दुसरी स्ट्रॉ तुम्ही घ्या, तो १० वर फुंकेल तुम्ही १२ वर, म्हणजे दोघांचा मिळून सा आणि कोमल ग. नंतर १२ च्या जागी १५ भोकांची दुसरी चकती करा, आणि कुठला स्वर आला ते पेटीवर शोधून त्यालाच मला पत्र लिहायला सांगा.