पिंजरा उघडून टाकू का?

प्रश्न : मी ६३ वर्षांची, सोलापुरात एकटी राहते. मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले, मुलगा-सून पुण्याला. दिवाळीत नातवाने 'आजीला सोबत' म्हणून लव्हबर्डची जोडी आणून ठेवली. मी कधी पक्षी पाळले नाहीत. पिंजरा वरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलाय, सकाळ-संध्याकाळ दाणापाणी करते. पण हात आत घातला की दोघं कोपऱ्यात चिकटून बसतात. शेजारीण म्हणते, मुक्या जिवाला कोंडायचं पाप कशाला, सोडून द्या. मलाही वाटतं, आता पुन्हा कुणाला जीव लावायचा आणि पुन्हा जाताना बघायचं, एवढं बळ नाही. काय करू?

उत्तर : ताई, पिंजरा उघडू नका. शेजारीणबाईंचं मन चांगलं आहे. पण आपल्याकडच्या बाजारात लव्हबर्ड म्हणून मिळतात ते बहुतेक बजरीगर असतात, मूळचे ऑस्ट्रेलियातले आणि इथे पिंजऱ्यातच जन्मलेले. दाणा कुठे शोधायचा, कावळ्या-मांजरापासून कसं वाचायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नाही. सोडलेत तर एक-दोन दिवसांत संपतील. (आपला पोपट, मुनिया यांची गोष्ट वेगळी. ते रानातले, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना घरात ठेवता येत नाही. कुणी आणून दिले तरी घेऊ नका.)

आता मला खटकलेली गोष्ट. तुम्ही पिंजरा वर ठेवलात. जागा नव्हती म्हणून की रोज डोळ्यांसमोर नको म्हणून? दुसरं असेल तरी मी समजू शकते. पण बजरीगर थव्यात राहणारा पक्षी आहे. दिवसभर आवाज नाही, माणूस नाही आणि दोनदा अचानक एक मोठा हात आत येतो. तो घाबरणारच. पिंजरा खाली आणा, तुम्ही बसता त्या खोलीत. एक बाजू भिंतीला लागलेली, उंची तुमच्या डोळ्यांएवढी. स्वयंपाकघरात मात्र नको. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत दगावतो.

मग हात घालायची घाई करू नका. वाती वळायला शेजारी बसा. रोज त्याच वेळी, हळू आवाजात काहीबाही बोलत. आठ-पंधरा दिवसांनी राळ्याचं कणीस जाळीतून धरा. आधी एकजण मान वाकडी करून बघेल, दांडीवर एक पाऊल सरकेल, परत मागे जाईल. तुम्ही हलू नका. ज्या दिवशी तो कणीस ओढेल, त्या दिवशी तुमच्या बोटांना ती ओढ कळेल.

खाणं साधं : राळे, थोडी बाजरी, धुतलेली मेथी-कोथिंबीर, हुरड्याच्या दिवसांत ज्वारीचं कोवळं कणीस. मीठ-तिखटाचं, चहा-बिस्किट काही नाही. काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेस आणून जाळीला बांधा, त्यातून चुना (कॅल्शियम) मिळतो. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, तरी त्यांची वाटी दिवसातून दोनदा बदलाच. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर दारूकाम असतं, त्या रात्री पिंजरा तीन बाजूंनी झाका आणि बारीक दिवा चालू ठेवा. अंधारात दचकले की ते जाळीवर आदळतात.

सगळ्यात जास्त सांभाळायचा तो उन्हाळा. माझी पहिली जोडी मी गॅलरीत टांगली होती. सकाळी सावली होती, दुपारी ऊन फिरून आलं आणि मी बाहेर. परतले तेव्हा एक तळाशी पडला होता, दुसरा पंख अंगापासून लांब धरून, चोच उघडी टाकून धापा टाकत होता. तो वाचला. पहिला माझ्या चुकीने गेला, हे मी अजून विसरलेले नाही. सोलापूरचा मे, पारा ४२-४३ वर आणि डोक्यावर पत्रा. त्या खोलीत त्यांना एक दुपारही ठेवू नका. पक्षी आजारही लपवतो. पिसं फुगवून दिवसा झोपला, श्वासाबरोबर शेपूट वरखाली होऊ लागली, तळाशी बसला, तर उद्यावर न टाकता जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.

आणि जाताना बघण्याचं बळ? नीट ठेवले तर बजरीगर पाच-आठ वर्षं जगतो, कधी आधीही जातो. तो दिवस येईल. तुम्हाला तो पुन्हा सोसायला लावण्याचा हक्क नातवालाही नाही. म्हणून गुढीपाडव्यापर्यंत बघा. तेव्हाही सकाळी त्यांचा आवाज ओझं वाटला, तर पक्षी सांभाळणाऱ्या एखाद्या घरी दोघांना एकत्रच द्या, जोडी तोडू नका. नातवाला फोन तुम्ही स्वतः करा. लहान असला तरी त्याला कळेल. आणि ठेवायचं ठरलं, तर उन्हाळ्यात पुण्याला जाताना पिंजरा कुणाकडे द्यायचा ते आत्ताच ठरवा. शेजारीणबाईंनाच विचारा. एवढी कणव आहे, तर दोन वेळचं पाणी त्या नक्की बदलतील.