गाडी चालवताना मोबाइल पाहण्याचा मोह तरुणांना का आवरत नाही, आणि त्यावर उपाय काय?
संदेशाच्या घंटीमागे कधी महत्त्वाचे काही असते, कधी काहीच नसते, आणि अशा अनिश्चित बक्षिसानेच सवय सर्वांत घट्ट होते. त्यातच आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत विकसित होत असतो. ताशी ६० किलोमीटर वेगात पाच सेकंद पडद्याकडे पाहिले, तर तेवढ्यात गाडी सुमारे ८३ मीटर पुढे गेलेली असते. (हँड्सफ्रीने हात मोकळे होतात, लक्ष मात्र गुंतलेलेच राहते.) २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार हातात फोन धरून वापरणे धोकादायक वाहनचालनात मोडते. निघण्यापूर्वीच फोन सायलेंट करून दुचाकीच्या डिकीत किंवा मागच्या सीटवरच्या पिशवीत ठेवावा, कारण हाताशी असलेल्या फोनचा मोह प्रत्येक सिग्नलला टाळणे माझ्या मते कोणालाच फार काळ जमत नाही.