आधी जमीन विचार

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

रविवारी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पळण्याच्या फेऱ्या झाल्यावर तू बूट हातात घेऊन तशीच बसून राहिलीस. घरात भाऊ पैलवान, म्हणून थोरली माणसं तुला ऐकवतात, "पळणं काय, कुत्रंबी पळतंय. खेळ म्हणजे कुस्ती." वर कुणीतरी सांगितलं, जुनी माणसं अनवाणी पळायची, तुमचे आकडे बुटांचे. तेव्हा मी गप्प बसलो. घरी आल्यावर झोप लागेना, म्हणून लिहितोय.

कुठलाही आकडा कानावर आला की आधी जमीन विचार.

आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला मॅरेथॉन पळाले. एकोणिसावे आले, वेळ 2 तास 50 मिनिटं. आज नोकरी सांभाळून पळणारे हौशी लोकही तीन तासांच्या आत येतात आणि त्यांना हा आकडा किरकोळ वाटतो. खरं तो रस्ता होता किती? 42.75 किलोमीटर, आजच्यापेक्षा अर्धा किलोमीटर जास्त. पहिला आलेला कोलेहमाइनेनसुद्धा अडीच तासांच्या आत आला नव्हता.

भाल्याचंही तेच. 1984 मध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होननं 104.80 मीटर फेक केली. नीरज चोप्राची 2025 ची दोह्यातली फेक 90.23. मग नीरज कमी काय? अगं, 1986 ला भाल्याचा गुरुत्वमध्यच पुढं सरकवला, टोक लवकर खाली यावं म्हणून. हातातली वस्तू हीसुद्धा जमीनच. विचार की!

आणि बुटांचं बोलणाऱ्याला पी. टी. उषाचं सांग. 1984 ला लॉस एंजेलिसमध्ये 400 मीटर अडथळ्यांत 55.42 सेकंद. विद्या रामराजनं 2023 ला हांगझोऊत तेवढीच वेळ दिली, बरोब्बर तेवढीच. 39 वर्षांत बूट किती बदलले असतील?

कुस्ती कठीण की पळणं, हे मात्र मला विचारू नकोस. कुस्तीत आकडाच नसतो. मेलेल्या पैलवानाशी तुझ्या भावाची जोड कोण लावणार? म्हणून तालमीत जुने सगळेच थोर. तुझी वेळ वहीत राहते, तिला कुणी फुगवू शकत नाही.

जमीन न विचारल्याचं फळ मी भोगलंय. ताक, हळद, तेल घातलेल्या लाल मातीत मी वाढलो. समोरचा दमला की, पंधराव्या मिनिटाला माझी कुस्ती सुरू व्हायची. निवड चाचणी मॅटवर होती. सहा मिनिटांत शिट्टी. गुणांवर हरलो तेव्हा अंगाला नीट घामही आला नव्हता. "ही कुस्तीच नव्हे" म्हणत परत आलो आणि पुन्हा मॅटवर पाय ठेवला नाही. मातीत तो पोरगा मला टिकला नसता, हे आजही सांगतो.

खरं खाशाबा जाधवही मातीतलेच ना? 1948 ला लंडनला मॅटवर सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्य घेतलं. ते परत गेले. मी गेलो नाही.

तरी मातीत टिकला नसता.

असो. उद्यापासून वहीत वेळेशेजारी रस्ता लिही: डांबर, माती, चढ, पाऊस. नुसती वेळ लिहिलेली वही मला दाखवू नकोस. रविवारी भावालाही घेऊन ये, डेपोच्या दहा फेऱ्या तुझ्या मागं घालू दे. मी कट्ट्यावर बसतो.

तुझा,
मास्तर